घरची चित्रतबकडी : ती कशी करावी व कशी जपावी

प्रत्येक जुन्या घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, बाजारांत त्यांची किंमत कवडीचीहि येत नाहीं. पण त्या हरवल्या तर घर निम्में रितें झाल्यासारखें वाटतें. देवघरांतील झिजलेले टाक, आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही, मोडींत लिहिलेली एखादी सनद, जन्मपत्रिकांचें बासन, हा सर्व त्यांतलाच ठेवा होय. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या ठेव्यांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे लग्नामुंजींच्या चित्रफिती आणि त्यांच्यावरून पुढें तयार केलेल्या डीव्हीडी तबकड्या. सनदेस कसर लागूं नये म्हणून ती कशांत गुंडाळावी, हें घरांतील वडील माणसांस ठाऊक असे. तबकडी कशी करावी आणि कशी जपावी, हें मात्र कोणीं कोणास शिकविलें नाहीं. त्यामुळें पुष्कळ घरांतील हा ठेवा आज गाजावाजा न होतां नाहींसा होत आहे. याविषयीं आम्हांस जें ठेच लागून आणि थोड्याबहुत अभ्यासानें कळलें, तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर अहमदपूरचें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें १९५६ सालीं आमचा तालुका बिदर जिल्ह्यांतून उस्मानाबाद जिल्ह्यांत आला, आणि १९८२ सालीं नवा लातूर जिल्हा झाला तेव्हां त्यांत गेला. जागचें न हलतां तालुक्यानें तीन जिल्हे पाहिले. घरांतील माणसें मात्र खरोखरच दूर दूर गेलीं. एक बहीण नांदेडास, एक भाऊ हैदराबादेस, एक पुण्यास, थोरला पुतण्या अमेरिकेंत, आणि वडिलांच्या भगिनी, म्हणजे आमच्या आत्याबाई, उदगिरास. मराठवाड्यांतील बहुतेक शिकलेल्या घरांची हीच कथा आहे. सर्वांची पंगत आतां एखाद्या कार्यालाच एकत्र बसते, आणि तें कार्य उरकलें कीं मागें राहते ती त्याची चित्रफीत.

१९९५ सालीं आमच्या धाकट्या पुतण्याची मुंज झाली. त्या वेळीं आमच्या तीर्थरूपांनीं स्वतः रचलेलीं मंगलाष्टकें आपल्या खड्या आवाजांत म्हटलीं. त्यांत कुळांतील चार पिढ्यांच्या स्त्रियांचीं नांवें, माहेरच्या नांवांसह, गुंफलेलीं होतीं. ज्या कागदावर तीं लिहिलीं होतीं, तो कागद कार्याच्या गडबडींत कोठें गेला कोण जाणे. तीर्थरूप चार वर्षांनीं निवर्तले. त्यांच्या आवाजाची आणि त्या शब्दांची खूण म्हणून राहिली ती एक कॅसेट.

२००७ सालीं आमच्या धाकट्या बंधूंनीं हौसेनें संगणक घेतला आणि त्या कॅसेटवरून सहा तबकड्या तयार केल्या. प्रत्येकीवर बटूचें रंगीत छायाचित्र छापलेला कागद चिकटविला, आणि त्या सहा घरीं पाठविल्या. पंधरा दिवसांत पत्रें व फोन येऊं लागले. नांदेडच्या प्लेअरनें तबकडी ओळखलीच नाहीं. पडद्यावर ‘तबकडी नाहीं’ अशीं अक्षरें येत. हैदराबादेस मातृभोजनापर्यंत सर्व सुरळीत चाले, आणि अंतरपाट धरला कीं चित्र गोठून जाई. अमेरिकेंत आवाज आला, पण चित्राच्या जागीं काळेपांढरे पट्टे धांवूं लागले. अहमदपूर आणि पुणें येथें मात्र तीच तबकडी उत्तम चालली. बंधु म्हणाले, “माझ्याकडे तर चालते, दोष त्यांच्या प्लेअरचा.” आम्हांसहि तें पटलें, आणि चुकलें तें येथेंच. प्रत्येक बिघाडाचें कारण निराळें होतें, आणि तिन्ही कारणें आमच्याच घरीं जन्मलेलीं होतीं.

तबकडीच्या पोटांत काय असतें

डीव्हीडी पहिल्यानें १९९६ सालच्या नोव्हेंबरांत जपानांत विक्रीस आली. ही तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. ती एकसंध दिसते खरी, पण ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून ती केलेली असते, आणि लिखाण त्या दोहोंच्या मध्यें असतें. तें मध्यापासून कडेकडे चकलीसारखें वेटोळें घेत जातें. दोन वेढ्यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाऊण पटीहून किंचित् कमी, म्हणजे ०.७४ मायक्रोमीटर असतें. एका मिलिमीटरांत असे साडेतेराशें वेढे बसतात, आणि ही सबंध चकली उलगडली तर ती जवळजवळ १२ किलोमीटर लांब भरेल. प्लेअरमध्यें तांबड्या लेसर किरणाचा सूक्ष्म ठिपका या वेढ्यांवरून फिरतो, आणि कोठें प्रकाश अधिक परततो, कोठें कमी, एवढ्यावरून लिखाण वाचतो.

विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडींत हें लिखाण सांच्यानें दाबून उठविलेलें असतें. घरीं आपण जी तबकडी करतों, तिच्यांत एका सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. संगणकाचा लेसर तो थर जागोजाग तापवून डागाळतो. बाजारांत ज्याला ‘राइट करणें’ किंवा ‘बर्न करणें’ म्हणतात, तें हेंच. विकतची तबकडी ही छापलेल्या पोथीसारखी आणि घरची तबकडी ही हातानें लिहिलेल्या पोथीसारखी, असें म्हटलें म्हणजे सगळा भेद ध्यानांत येईल. छापलेलें कोणीहि वाचतो. हातचें अक्षर सुबक असेल तर तेंहि कोणी वाचील. पण शाई फिकी पडली आणि ओळी वाकड्या गेल्या, तर ज्याची नजर तीक्ष्ण त्यालाच तें लागेल. निरनिराळ्या प्लेअरांची नजर निरनिराळी असते. म्हणून ‘माझ्याकडे चालते’ ही तबकडीची परीक्षा नव्हे. मंद नजरेच्या प्लेअरवर चालते कीं नाहीं, ही खरी परीक्षा.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अगदीं नव्या तबकडींतहि वाचनाच्या चुका होतच असतात. पण त्या दुरुस्त होतील अशी योजना लिखाणांतच केलेली असते. आमच्या वाचकांस ही कल्पना अपरिचित नाहीं. वेदपाठाची जी परंपरा आहे, तिच्यांत संहितेवर न थांबतां पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ म्हणतात. जटेंत दोन पदें सुलट, उलट आणि पुन्हां सुलट येतात; घनांत तींच तिसऱ्या पदासह आणखी गुंफलीं जातात. एखादें अक्षर चुकलें तर पुढच्या आवर्तनांत तें उघडें पडतें. लेखनाच्या साधनावांचून वेद अक्षरशः टिकले, त्याचें एक कारण हें आहे. तबकडीसाठीं गणिताच्या मार्गानें अशीच सोय झाली आहे. रीड आणि सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेली पद्धति तींत वापरतात. मजकुराचे लहान लहान गठ्ठे करून प्रत्येकाचा २०८ ओळी आणि १८२ स्तंभांचा तक्ता मांडतात, आणि जमाखर्चाच्या वहींत आडवी व उभी बेरीज ताडून पाहावी, तशी प्रत्येक ओळीची व स्तंभाची पडताळणी होते. कांहीं अक्षरें बुजलीं तरी उरलेल्यांवरून तीं भरून काढतां येतात.

परंतु या सोयीची एक मर्यादा आहे. चुका दुरुस्तीच्या आवांक्यांत असतील तोंवर पडद्यावर त्यांचा मागमूसहि दिसत नाहीं. आवांक्याबाहेर गेल्या कीं चित्र एकाएकीं गोठतें. कॅसेट म्हातारी होत जाते तशी अगोदर धुरकट दिसूं लागते, मालकास सूचना देते. तबकडी तशी सूचना देत नाहीं. ती आज उत्तम चालली म्हणून सुदृढ आहे असें मानूं नये.

नांदेडची तबकडी : तिला ओळख कां मिळाली नाहीं

बंधूंनीं सहा तबकड्या दोन-तीन दुकानांतून, मिळतील त्या, अशा घेतल्या होत्या. नांदेडास गेलेली तबकडी पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या जातीची, म्हणजे डीव्हीडी-आरडब्ल्यू होती. या जातींत रंगद्रव्याच्या जागीं एका मिश्रधातूचा थर असतो, आणि तो प्रकाश फार थोडा परत पाठवितो. विकतची एकपदरी तबकडी आणि एकदांच लिहितां येणारी तबकडी पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ४५ ते ८५ भाग परतविते. आरडब्ल्यू तबकडी शेंकडा १८ ते ३० एवढाच. जुना प्लेअर हा मंद प्रकाश पाहून ही दुपदरी तबकडी असावी असें समजतो, नसलेला दुसरा पदर शोधीत बसतो, आणि शेवटीं हात टेकतो. तेव्हां जी तबकडी दुसऱ्याच्या घरीं जावयाची आहे, ती एकदांच लिहितां येणाऱ्या जातीचीच घ्यावी. पुसतां येणारी तबकडी केवळ घरच्या घरीं परीक्षेसाठीं ठेवावी.

एकदांच लिहितां येणाऱ्या तबकड्याहि दोन जातींच्या आहेत : पायोनिअर कंपनीनें १९९७ सालीं आणलेली ‘वजा’ची, म्हणजे डीव्हीडी-आर, आणि २००२ सालीं फिलिप्स, सोनी इत्यादि कंपन्यांच्या गटानें आणलेली ‘अधिक’ची, म्हणजे डीव्हीडी+आर. नव्या प्लेअरांस दोन्ही सारख्याच. जुन्या प्लेअरांकरितां वजाची तबकडी सामान्यतः अधिक निर्धोक ठरते. अधिकच्या तबकडींत मात्र एक सोय आहे : तिच्या आरंभीं तबकडीची जात सांगणारी जी खूण असते, ती कित्येक संगणकयंत्रांवर बदलून ‘विकतची छापील तबकडी’ अशी लिहितां येते. ही खूण बदलली कीं जो जुना प्लेअर तिला दारांतूनच परतवीत होता, तो तिला घरांत घेतो. दुपदरी घरगुती तबकडी शक्य तों टाळावी. एका पदरावरून दुसऱ्यावर जातांना कित्येक प्लेअर अडखळतात. त्यापेक्षां दोन एकपदरी तबकड्या कराव्या.

तबकडी न ओळखण्याचें दुसरें वारंवार आढळणारें कारण म्हणजे ती ‘बंद’ न करणें. लिखाण संपल्यावर संगणकानें किंवा रेकॉर्डरनें अखेरची खूण लिहून तबकडी पुरी करावयाची असते. इंग्रजी शब्दावरून त्यास ‘फायनलाइज’ करणें म्हणतात. ही क्रिया राहिली तर ज्या यंत्रानें लिहिली त्याच यंत्रावर ती चालते, अन्यत्र बहुधा चालत नाहीं.

हैदराबादची तबकडी : अंतरपाटाशीं कां थांबली

हें कारण आम्हांस सर्वांत उशिरां उमगलें, कारण तें आमच्या हौसेंतच दडलेलें होतें. एका तबकडींत ४.७ अब्ज अक्षरें, म्हणजे ४.७ जीबी, मावतात. मुंजीची फीत सत्तर मिनिटांची होती. बंधूंनीं संगणकास ‘सर्वोत्तम’ अशी आज्ञा दिली, आणि त्यानें दर सेकंदास जवळजवळ ८.९ मेगाबिट या वेगानें चित्र लिहून तबकडी कांठोकांठ भरली. डीव्हीडीच्या नियमांत चित्रास ९.८ आणि आवाज धरून एकूण १०.०८ मेगाबिटची परवानगी आहे, तेव्हां नियमभंग कांहींच नव्हता. पण छापील तबकडीस जें पेलतें, तें हस्तलिखितास पेलतेंच असें नाहीं. पोथी फिकी, आणि वाचणारास श्वास घ्यावयास सवड नाहीं. मग तो अडखळणार नाहीं तर काय? त्यांतून मूळ कॅसेटींतील चित्र इतकें जाडेंभरडें असतें कीं, त्यास एवढ्या मापाची गरजच नाहीं. शेरभर दुधासाठीं घागर आणण्यापैकींच तो प्रकार.

हिशेब सोपा आहे. दर सेकंदास ५ ते ६.५ मेगाबिट हा वेग घरच्या कार्याच्या चित्रणास पुरेसा होतो. सत्तर मिनिटांचें चित्रण सहाच्या वेगानें सुमारें ३.२ जीबी होतें. दोन तास बसवावयाचे असतील तर वेग पांचाच्या आंत आणावा. तीन तासांचें कार्य एका तबकडींत कोंबूं नये; साडेतीनाच्या वेगानें बसतें खरें, पण नवरीच्या शालूचे कांठ डागाळतात. दोन तबकड्या कराव्या.

लिखाण आंतून बाहेर जातें, म्हणून कडेचा भाग शेवटीं भरतो. आणि कडेलाच तबकडीचें वांकडेपण अधिक, बोटांचे डाग तेथेंच, लिहितांना चुकाहि तेथेंच अधिक. शेवटची थोडी जागा, फार नाहीं तर तीनचारशें एमबी, मोकळी सोडली म्हणजे हा धोकादायक कांठ टळतो. बंधूंनीं त्या कांठावरच मजकूर लिहिला, शिवाय तो यंत्राच्या कमाल वेगानें, १६ पटीनें लिहिला. घाईचें अक्षर सुबक कोठून येणार? सोळा पटीच्या तबकडीवर आठ पट किंवा चार पट हा वेग चांगला. आठ पटीनें भरलेली तबकडी आठ-दहा मिनिटांत होते, चार पटीनें पाव तासांत. एवढा वेळ वांचवून करावयाचें काय? मात्र अगदीं कमी वेग म्हणजे उत्तम, असेंहि नाहीं. आजच्या तबकड्यांचें रंगद्रव्य वेगानें लिहिण्याकरितांच बनविलेलें असतें, त्यास मध्यम वेग मानवतो.

राहिला तो बटूचा रंगीत कागद. प्लेअरमध्यें तबकडी मिनिटास शेंकडों वेळां फिरते. त्यावर चिकटविलेला कागद केसभर एका बाजूस सरकला तरी तोल जातो. उन्हाळ्यांत डिंक सुकला कीं कागद आकसतो आणि आपल्याबरोबर तबकडीस वांकवितो. म्हणून कागद कधींहि चिकटवूं नये. नांव, साल आणि कार्य एवढेंच, पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीनें, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावें. बॉलपेन तर नकोच.

अमेरिकेची तबकडी : दोन देशांच्या दोन रीती

भारतांत दूरदर्शनची जी रीत आहे, तींत सेकंदास २५ चित्रें आणि प्रत्येक चित्रांत ५७६ ओळी असतात. हिला पाल म्हणतात. अमेरिकेंत सेकंदास जवळजवळ ३० चित्रें आणि ४८० ओळी, ती एनटीएससी. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही रीती जाणतात, पण अमेरिकेंतील पुष्कळ प्लेअर आपली रीत जाणत नाहींत. तेव्हां परदेशीं धाडावयाची प्रत निराळी, तिकडील रीतीनें करावी. आवाजहि डॉल्बी पद्धतीनें आणि सेकंदास ४८ हजार नमुन्यांच्या मापानें घ्यावा, म्हणजे तो दोन्हीकडे चालतो. विकतच्या तबकड्यांवर प्रदेशाचा जो आंकडा असतो, भारताचा ५ आणि अमेरिकेचा १, तो व्यापाराच्या सोयीसाठीं आहे. घरच्या तबकडीवर ‘सर्व प्रदेश’ हीच निवड करावी.

करण्याची रीत

आतां क्रम सांगतों. प्रथम कॅसेटीवरील किंवा कॅमेऱ्यांतील चित्रण संगणकांत उतरवावें, आणि तें मूळ रूप तबकडी झाली म्हणून पुसूं नये. दुसरें, त्याचें एमपेग-२ पद्धतीचें चित्र करून त्याची रीतसर डीव्हीडी रचावी. येथें आजचे तरुण हटकून चूक करतात. मोबाइलमधील एमपी-४ फाइल जशीच्या तशी तबकडीवर टाकतात. ती फाइलची पेटी झाली, चित्रतबकडी नव्हे. कांहीं नवे प्लेअर ती उघडतात, जुने उघडत नाहींत. रीतसर तबकडींत ‘व्हिडिओ-टीएस’ या नांवाचा कप्पा असतो, आणि त्यांत चित्राचे तुकडे, त्यांची अनुक्रमणिका व तिची एक जादा प्रत असते. ही रचना डीव्हीडीस्टायलरसारखी विनामूल्य मिळणारी प्रणाली करून देते. फुलांच्या वेलबुट्ट्यांची सरकती अनुक्रमणिका करण्याचा मोह टाळावा. साधी यादी द्यावी, आणि दर कार्यविधीस एक प्रकरण पाडावें, म्हणजे वृद्ध मंडळींस हवें तें चटकन सांपडतें.

तिसरें, रचलेली तबकडी लिहिण्यापूर्वीं संगणकावर आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी. चौथें, नामांकित कंपनीच्या कोऱ्या तबकड्या घेऊन, वर सांगितलेल्या मध्यम वेगानें, एका दमांत लिहावी व बंद करावी. आमच्याकडे भारनियमनाची संवय असल्यामुळें एक सूचना अवश्य करतों : इन्व्हर्टरवर किंवा बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच हें काम करावें. मध्येंच वीज गेली तर ती तबकडी फुकट जाते. तिच्यावर पुन्हां लिहितां येत नाहीं. पांचवें, लिहून झाल्यावर मूळाशीं ताडून पाहण्याची आज्ञा द्यावी. इमगबर्नसारख्या प्रणालींत ती सोय आहे. नाथांनीं पैठणास शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल झाली म्हणजे काम झालें असें न मानतां ती पडताळावी, हा आपला जुनाच वळसा आहे. सहावें आणि शेवटचें, शेजारच्या दोनतीन घरच्या प्लेअरांवर, त्यांतहि सर्वांत जुन्यावर, तबकडीचा शेवटचा भाग लावून पाहावा. शेवट चालला तर आरंभ चालतोच.

जतन

तबकडीचे तीन वैरी आहेत : ऊन, ओल आणि धूळ. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या खोलींत, खिडकीच्या फळीवर किंवा मोटारींत ठेवलेली तबकडी एका उन्हाळ्यांत जितकी म्हातारी होते, तितकी अंधाऱ्या आंतल्या खोलींत पुष्कळ वर्षांत होत नाहीं. ती डब्यांत, उभी, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. धरतांना कडेनें आणि मधल्या भोंकानें धरावी. पुसावयाची असेल तर मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, ताट घांसल्यासारखी गोल कधींहि नाहीं. गोल ओरखडा लिखाणाच्या वेढ्याबरोबर धांवतो आणि सलग मजकूर बुजवितो.

एवढें केलें तरी एका प्रतीवर विसंबूं नये. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या चार रिळांपैकीं आज पहिलें आणि शेवटचेंच उरलें आहे; २००३ च्या जानेवारींत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठारास आग लागून जुन्या नायट्रेटच्या फिती जळाल्या. जेथें संस्थांचें हें झालें, तेथें आपल्या माळ्यावरील पेटीची काय कथा? म्हणून तीन प्रती असाव्या : दोन निरनिराळ्या साधनांवर, म्हणजे एक तबकडीवर व एक हार्ड डिस्कवर, आणि तिसरी निराळ्या गांवीं. दर दोनतीन वर्षांनीं प्रत्येक तबकडी संपूर्ण वाचून पाहावी, आणि अडखळूं लागण्यापूर्वींच नवी प्रत करावी.

शिवाय काळ थांबत नाहीं. कॅसेट चालविणारीं यंत्रें बनविणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई. तिनें २०१६ सालीं तें काम थांबविलें. कोऱ्या तबकड्या एकेकाळीं जगभर पुरविणारी दिल्लीजवळची मोझर बेअर कंपनी २०१८ सालीं दिवाळ्यांत निघाली. सोनीनें कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारींत बंद केलें. आजच्या बहुतेक लॅपटॉपांना तबकडीचें दारच नसतें. बाहेरून जोडावयाचें यंत्र मात्र अजून मिळतें, तें मिळतें आहे तोंवर घेऊन ठेवावें. ज्यांच्या कॅसेटी अजून उतरावयाच्या आहेत, त्यांना तर एक दिवसहि दवडण्याची सोय नाहीं.

शेवटची प्रत

आमचेंहि तेंच झालें. नांदेड, हैदराबाद आणि अमेरिका येथील तबकड्या कधींच नीट चालल्या नव्हत्या. घरची तबकडी मुलांच्या हातीं खरचटली. पुण्याची तबकडी बारा वर्षांनीं बाहेर काढली तेव्हां कागद एका बाजूनें सुटून ती वांकली होती. मूळ कॅसेट माळ्यावरून उतरविली तर फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके, आणि तिच्यावरून संगणकांत उतरविलेली प्रत बंधूंनीं जागा करण्यासाठीं केव्हांच पुसलेली. गेल्या वर्षीं पुतणीचें लग्न ठरलें; तिनें आजोबांचींच मंगलाष्टकें हवींत असा हट्ट धरला, तेव्हां सर्वांच्या हें ध्यानांत आलें, आणि घरांत कोणी कोणाशीं बोलेना.

उदगिरास आत्याबाईंकडे एक प्रत गेली होती, हें वहिनींस आठवलें. आत्याबाईंकडे प्लेअर कधींच नव्हता. बंधूंकडचे रंगीत कागद पांचच होते, म्हणून त्यांच्या तबकडीवर कागदहि नव्हता. दादाच्या आवाजाची वस्तु म्हणून त्यांनीं ती धुतलेल्या सुती पंचांत गुंडाळून, आंतल्या खोलींतल्या लोखंडी ट्रंकेंत, आपल्या लग्नांतल्या शालूखालीं ठेविली होती. ती एकदांहि पाहिली गेली नव्हती. संगणकानें ती शेवटपर्यंत वाचली. कडेला दोन ठिकाणीं रेंगाळला, पण वाचली.

त्या रात्रीं आम्हीं तिच्या चार प्रती केल्या, सहाच्या वेगानें, कांठ मोकळा सोडून, बिनकागदाच्या. एक अमेरिकेच्या रीतीनें केली. हें काम चाललें असतां वहिनी आणि पुतणी पडद्यापुढें वही घेऊन बसल्या होत्या, आणि तीर्थरूपांचा एकेक चरण थांबवून उतरवून घेत होत्या. दोन नांवें नीट ऐकूं येईनात. तीं आत्याबाईंनीं फोनवरून सांगितलीं. ती वही आतां देवघरांतील बासनांत आहे, आणि लग्नांत मंगलाष्टकें तिच्यावरूनच म्हटलीं गेलीं.

आत्याबाईंचें वय आज नव्वदीच्या घरांत आहे. त्यांच्या मागें तीं दोन नांवें सांगणारें कोणी उरलें नसतें. वाचकहो, आपल्याहि घरीं अशी एखादी तबकडी असेल आणि ती ऐकून नांवें सांगणारें एखादें माणूसहि असेल. दोन्हीं जाग्यावर आहेत तोंवर या आठवड्यांतच ती ट्रंक उघडावी, अशी आमची आपणांस विनंति आहे.